चार चाळीसची

८ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार आणि खुशाली दोन्ही शेवटी लिहिते. मुद्दा पोटात दाबून गोड गोड चौकशा करायची मला सवय नाही, हे तुम्हाला चौतीस वर्षांत कळलं असेलच.

तुमचे दादा तुमच्याकडे तीन आठवड्यांसाठी आले. डॉक्टर म्हणाले होते, छातीचं दुखणं होऊन गेलंय, आता समुद्राची हवा खायची, सकाळ-संध्याकाळ फिरायचं, डोक्याला ताप करून घ्यायचा नाही आणि बस डेपोचं तर नावच काढायचं नाही. तीन आठवडे म्हणजे एकवीस दिवस. आज बासष्टावा दिवस आहे. एकतीस वर्षं डेपोत कंट्रोलर म्हणून ज्यांनी प्रत्येक गाडीला दोन मिनिटांच्या उशिराचा जाब विचारला, त्यांना स्वतःला एक्केचाळीस दिवस उशीर झालाय आणि कुणी जाब विचारत नाही.

खरं लिहायचं तर जाताना आमचं थोडं वाजलं होतं. रिटायर झाल्यापासून हे माझ्या शिलाई मशीनशेजारी खुर्ची टाकून बसायचे. मी पडदे शिवायचे आणि हे घड्याळ लावायचे. 'काल या मापाच्या पडद्याला सेहेचाळीस मिनिटं लागली, आज बावन्न. मधली सहा मिनिटं कुठे गेली?' एक दिवस मी म्हणाले, अहो, तुम्ही कुठेतरी जा बाई एकदाचे. तोंडातून गेलं ते गेलं.

म्हणून जानेवारीत मीच नमतं घेऊन पत्र टाकलं. फोनवर ह्यांना धड ऐकू येत नाही आणि आलं तरी 'हं'च्या पुढे गाडी सरकत नाही. लिहिलं की मशीनचा आवाज सोडला तर घरात आवाज नाही, तुम्ही नाही तर घर कसं मोकळं मोकळं वाटतं. एवढं मी त्यांना उभ्या जन्मात बोलले नव्हते. उत्तर काय आलं? 'पत्र पोचलं. मजकूर समजला. मी येथे ठीक आहे. परतण्याची घाई नाही.' डेपोची नोटीस यापेक्षा मायेची असते.

तर वन्सं, सरळ विचारते. तिथे कोण आहे?

उत्तर पत्रानेच द्या. तुमचा फोन खिडकीशी आहे आणि हे दिवसभर खिडकीशीच बसत असणार.

तुमची,
वहिनी


१५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी कामावर खिडकीत बसून वाचलं आणि दोनदा चष्मा पुसला. अगं, दादा आणि असलं काही? नाकासमोर चालणारा माणूस तो.

तुला इथलं सगळं सांगते म्हणजे तुझा जीव थाऱ्यावर येईल. विमानतळावर हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर माझी पाळी सकाळी सहा ते दोन. विमानतळ म्हणजे केवढा, तर सामानाचा एक पट्टा, एक कँटीन आणि एक माझी खिडकी. सगळी सुट्टीवर आलेली माणसं. कुणाची टोपी राहते, कुणाची पोहायची रबरी चकती. सकाळी आलं की आदल्या दुपारच्या प्रवाशांच्या तक्रारी मलाच ऐकाव्या लागतात, कारण दुपारचं विमान सव्वाचारला उतरतं आणि गावात जाणारी बस चार दहालाच सुटते. त्यानंतर एकदम सव्वासातला. बसवाले म्हणतात आमचं वेळापत्रक विमानाच्या आधीचं आहे. विमानवाले म्हणतात बस आमची नाही. लोक मात्र मला येऊन शिव्या देतात, हल्ली जरा कमी एवढंच. मी त्यांना छत्री शोधून देऊ शकते, बस कुठून देऊ?

दादाचं म्हणशील तर तो सुतासारखा सरळ वागतो. माझ्या दोन खोल्यांतले सगळे गळके नळ त्याने दुरुस्त केले. खालच्या सायकलवाल्याशी त्याची दोस्ती झाली आहे. मी दोननंतर घरी येते, आम्ही दोघं जेवतो. मग तो दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो आणि समुद्रावर फिरायला जातो. सहा-साडेसहाला परत. चेहऱ्यावर किती तजेला आलाय म्हणून सांगू.

तुझ्या पत्राचं मला काही ठाऊक नाही. तो माझ्याजवळ त्याबद्दल बोलला नाही.

त्याला बरं वाटतंय तर राहू दे की अजून थोडे दिवस. हवा मानवली आहे.

तुझी,
वन्सं


२० फेब्रुवारी

वन्सं,

समुद्र बघायला इस्त्रीचा शर्ट? लाटा काय ह्यांची मुलाखत घेणार आहेत? आमच्या पुतण्याच्या लग्नात हे चुरगळलेल्या शर्टात उभे होते, आणि मी इस्त्री हातात घेऊन मागे फिरत होते.

कुठेतरी पाणी मुरतंय. तुम्ही त्यांची धाकटी बहीण, तुम्हाला ते दिसायचं नाही. म्हणून एक सोपं काम सांगते. ते फिरून आले की त्यांच्या चपला उचलून बघा. वाळूत चाललेल्या माणसाच्या चपलेच्या पट्ट्यात वाळू अडकतेच, कितीही झटका. शर्टाचा खिसाही बघा, धुवायला टाकण्याआधी. यात लाजण्यासारखं काही नाही, मी चौतीस वर्षं बघत आलेय.

आणि जे दिसेल ते लिहा. मला वाईट वाटेल म्हणून गाळू नका. मला काय वाटायचं ते आधीच वाटून झालंय.

वहिनी


२७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

हात कापताहेत, अक्षर सांभाळून घे.

चपला पाहिल्या. चार दिवस लागोपाठ पाहिल्या. वाळूचा एक कण नाही. खिशात कँटीनचं कुपन सापडलं, 'दोन चहा'. आमच्याच विमानतळाच्या कँटीनचं. म्हणजे मी ज्या दारातून दोनला बाहेर पडते, त्याच दारात तो साडेतीनच्या बसने जाऊन पोचतो आणि मला सांगतो समुद्रावर गेलो होतो.

मी काही झालंच नाही असं दाखवून कँटीनवालीकडे विषय काढला. ती म्हणाली, तो उंच, पांढऱ्या मिशांचा? रोज येतो की. बाहेरच्या बाकावर बसतो. मग निळा स्कार्फ बांधलेली एक बाई येते, दोघं चहा घेतात, तो तिला काहीतरी वाचून दाखवतो, ती हसते आणि मग दोघं एकदमच जातात. बाई पंचेचाळीसच्या आतबाहेर असेल म्हणाली. 

पुढचं लिहू नये असं वाटतं, पण तू शपथ घातल्यासारखं लिहिलंयस. तो आंघोळीला गेला तेव्हा मी त्याची खिशातली वही उघडली. पानापानावर तिचाच उल्लेख आहे, वहिनी. नाव नाही, तिला तो वेळेवरून ओळखतो. जसंच्या तसं उतरवून देते:

'चार चाळीसची वेळेवर. समाधान.'

'चार चाळीसची आज तापली होती. पाणी दिलं, थांबलो. शांत झाल्यावर निघालो.'

'चार चाळीसची आलीच नाही. सहापर्यंत उभा होतो. वाईट वाटलं.'

मी वही होती तशी ठेवली. दुपारी त्याला वाढताना माझ्याच्याने त्याच्याकडे बघवेना. तो म्हणाला, छोटी, तुला बरं नाही का? मी म्हणाले, मीठ जास्त पडलंय.

तुझी,
वन्सं


४ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र वाचून मी एवढी हसले की हातातल्या पडद्याला उलटी शिवण बसली. अहो, चार चाळीसची म्हणजे बाई नव्हे, बस. डेपोतली माणसं गाडीला नावाने हाक मारत नाहीत, वेळेने मारतात. आमच्या घरात सकाळी चहाबरोबर हेच चालायचं. सहा वीसची रुसली आहे, नऊची म्हातारी झाली, साडेसातची आज लंगडत आली. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात हे मला म्हणाले, 'पाच पन्नासची गेल्याशिवाय मला घरी येता येत नाही, तिच्यात जीव अडकतो.' मी दोन दिवस माहेरची पिशवी भरून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी पाच पन्नासची मला दाखवली, चिखलाने भरलेली, मागची काच फुटलेली. तापली म्हणजे इंजिन तापलं, पाणी दिलं म्हणजे त्यात ओतलं. झालं.

हे सगळं मी हसत हसत लिहिलं, मग उठून चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत हसू मावळलं.

तुम्हीच तर लिहिलं होतं, चार दहानंतर एकदम सव्वासातची. मग चार चाळीसची कुठली? जी बस नाहीच, तिची हे रोज वाट बघतात? आणि तिच्याबरोबर चहा घेतात? ती हसते? बस हसत नाही, वन्सं, निदान आमच्या डेपोतली तरी हसत नव्हती.

म्हणजे ह्यांनी हुशारी केली. डेपोच्या भाषेत लिहिलं की वही कुणाच्या हाती लागली तरी वाचणारा म्हणेल, म्हातारा अजून बसमध्येच रमलाय. बायकोसुद्धा हसून सोडून देईल. आणि मी दिलंच होतं सोडून.

बसच्या ऑफिसात नीट विचारा. सिझनसाठी जादा गाडी सोडली आहे का, एवढंच. सोडली असेल तर मी ह्यांचे पाय धरून माफी मागेन. नसेल तर पुढचं मी बघते.

वहिनी


११ मार्च

प्रिय वहिनी,

विचारलं. नाही. ऑफिसातला माणूस म्हणाला, बाई, आहेत त्या दोन गाड्यांना ड्रायव्हर पुरत नाहीत, जादा कुठली आणता.

आणखी एक अडचण झाली आहे. लेकीच्या डॉक्टरांनी तारीख अलीकडे ओढली. बाळंतपणाला मला जायलाच हवं, चौदाला निघते. महिनाभर तरी तिकडेच. दादा म्हणाला, तू बिनघोर जा, मी घर बघतो. बिनघोर! दुसरी किल्ली खालच्या सायकलवाल्याकडे ठेवते आहे. लेकीचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय.

सरळ त्यालाच विचारावं असं दहादा मनात आलं. पण धीर झाला नाही. विचारलं आणि तो उठून निघूनच गेला तर?

तुझी,
वन्सं


१९ मार्च
तुमच्याच टेबलावरून

वन्सं,

होय, मी तुमच्या घरात आहे. तुम्ही ह्यांना एकटं ठेवून निघालात हे वाचलं आणि मी पडद्यांचं गिऱ्हाईक वाऱ्यावर सोडून तिकीट काढलं. ह्यांना कळवलं नाही. पितळ उघडं पाडायचं तर आगाऊ सूचना देऊन कसं चालेल?

काल दुपारी उतरले. विमानाच्या शिडीवरून खाली पाय ठेवला तर वारा असा की माझ्या पुढच्या बाईची टोपी थेट चाकाखाली गेली. सगळे चालत चालत तुमच्या त्या हॉलमध्ये. पट्टा सुरू व्हायला दहा मिनिटं. माझ्या बॅगेला मी पडद्याच्या कापडाची हिरवी चिंधी बांधली होती, तरी एक गृहस्थ ती आपलीच म्हणून ओढत होते. तुमच्या खिडकीवर दुसरी मुलगी होती.  माझे डोळे दारावर होते.

बाहेर आले. खांबावर वेळापत्रक, खाली रिकामा थांबा, भिंतीवरच्या घड्याळात चार एकोणतीस. बस गेलेली. ज्या तीन टॅक्स्या होत्या त्या पाट्या घेऊन आलेल्या, पाटीवरच्या माणसांना घालून निघून गेल्या. आम्ही नऊजण उरलो. एक नवराबायको कुणामुळे उशीर झाला यावर भांडत होते, एक आजोबा दोन काठ्यांवर उभे होते, आणि समोर सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना मिठागरं, झाड नावाला नाही. खरं सांगते, ज्यासाठी आले होते ते मी क्षणभर विसरले आणि रडू यायला लागलं. वाटलं, या वयात नवऱ्याच्या मागावर निघाले आणि साधं गावापर्यंतसुद्धा पोचता येत नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला. 'बस गेली. घाबरायचं कारण नाही. चार चाळीसची आहे. ओळीत या आणि ठिकाण सांगा. जवळ उतरणारे पुढे बसतील, लांबचे मागे.'

पांढरा शर्ट, कडक इस्त्री, कानामागे लाल पेन्सिल, मान वहीत. एकेकाला विचारत, लिहीत पुढे येत होते. आजोबांची एक काठी स्वतः धरली. माझ्यापाशी आले आणि मान वर न करता म्हणाले, 'ठिकाण?'

मी म्हणाले, 'सायकलवाल्याच्या वरच्या दोन खोल्या.'

त्यांनी 'सायकलवा' एवढं लिहिलं आणि पेन्सिल थांबली. मग मान वर आली. वन्सं, मी या माणसाला सासऱ्यांच्या शेवटच्या आजारातही एवढं घाबरलेलं पाहिलं नव्हतं.  मग घड्याळाकडे बघून म्हणाले, 'बोलू. आधी बस. चार छत्तीस झालेत.'

चार चाळीसची म्हणजे शाळेची जुनी पिवळी गाडी, बारा सीटची. निळा स्कार्फ बांधलेली बाई ती चालवते. सकाळी आणि दुपारी शाळेच्या फेऱ्या करते, तीननंतर गाडी उभीच असायची. हे तुमच्याकडे आल्यावर पहिल्याच आठवड्यात विमानतळ बघायला म्हणून गेले, तर समोरून बस सुटली आणि पाच मिनिटांनी विमान उतरलं. रोज उतरतं आणि रोज माणसं उन्हात उभी राहतात, हे ह्यांच्याने बघवलं नाही. बाईंना गाठलं, शाळेची परवानगी काढली, कुणाला आधी उतरवलं तर किती मिनिटं वाचतात त्याचे कागद केले. गाडी जुनी, चढावर तापते. आम्हालाही थांबावं लागलं. हे बाटली घेऊन उतरले, आणि बाई मागे वळून मला म्हणाल्या, 'काका नसते तर मी ही गाडी केव्हाच भंगारात दिली असती. तुम्ही कुणाकडे उतरणार?' मी म्हणाले, काकांकडेच. त्या एवढ्या हसल्या की त्यांचं हसू कँटीनपर्यंत का ऐकू जातं ते मला कळलं.

तुमच्यापासून लपवलं कारण डॉक्टरांनी डेपोचं नाव काढू नका म्हटलं होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला कळवलं असतं, आणि मी येऊन खुर्चीला बांधून ठेवलं असतं. यात त्यांचं काही चुकलं नाही. मी बांधलंच असतं.

आता खरं काय ते लिहिते.

घरी आल्यावर मी म्हणाले, हे सगळं ठीक, पण माझ्या पत्राचं काय? चौतीस वर्षांत एकदा माणूस मन उघडं करतं आणि तुम्ही 'मजकूर समजला' लिहिता? तर त्यांनी बॅगेच्या तळातून माझं पत्र काढलं. घड्यांवर झिजलंय, इतकं उघडलंय. 'मोकळं मोकळं' खाली लाल पेन्सिलची रेघ.

म्हणाले, 'गाडी मोकळी आली म्हणजे वाईट. स्टँड मोकळा झाला म्हणजे चांगलं. तू यातलं कुठलं मोकळं लिहिलंस तेच मला कळेना. आठ दिवस विचार केला. शेवटी छोटीला दाखवलं. ती म्हणाली, स्टँडचं. गर्दी गेल्यावर वाटतं तसं. मग मी म्हटलं, असेल. तूच म्हणाली होतीस, कुठेतरी जा.'

मी खाली बसले. अहो, मी मोकळं लिहिलं ते गाडीचं. एकही माणूस नसलेल्या गाडीचं.

वन्सं, तुम्ही १५ फेब्रुवारीला लिहिलंत की माझ्या पत्राचं तुम्हाला काही ठाऊक नाही. मी निळ्या स्कार्फवर संशय घेतला, वहीवर घेतला, चपलांवर घेतला. तुमच्यावर कधी घेतला नाही. मराठी तुम्हालाही माझ्याइतकंच येतं. मग तुम्ही असं का सांगितलंत?

वहिनी


२६ मार्च

वहिनी,

नात झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तू पत्र टाकून देशील.

हो. दादाने मला ते पत्र दाखवलं होतं. वाचताक्षणी मला कळलं होतं तुला काय म्हणायचंय. मी भांडी घासत होते. हात पुसले, पत्र घेतलं, वाचलं आणि म्हणाले, स्टँडचं. एवढा एकच शब्द. त्याने मान हलवली आणि पत्र घडी करून ठेवलं. मला तेव्हाच म्हणायचं होतं, थांब, तसं नाही. म्हणाले नाही.

आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली. लेक होती तोवर काही वाटलं नाही. मागच्या वर्षी ती लग्न होऊन गेली आणि दोन वाजता घरी येऊन कुलूप उघडायला मला भीती वाटायला लागली. आत काही नसायचं म्हणून भीती. कधीकधी मी पाळी संपल्यावरही खिडकीतच बसून राहायचे, कुणाची तरी टोपी पुसत. मग दादा आला. तो आल्यापासून मी बेल वाजवते, किल्ली पर्समधून काढत नाही. आतून पायांचा आवाज येतो आणि दार उघडतं. तुला हे हसण्यासारखं वाटेल. तुला चौतीस वर्षं दार उघडणारं कुणीतरी आहे.

आमच्या खिडकीचा नियम आहे. सापडलेली वस्तू नव्वद दिवस ठेवायची. तोवर मालक आला आणि खूण पटली तर त्याची, नाही आला तर पुढे बघता येतं. मी मनात दिवस मोजत होते. नव्वद उलटले तेव्हा मला वाटलं, आता राहिला. निळ्या स्कार्फचं ऐकून माझे हात कापले ते तुझ्यासाठी नव्हेत. तुझ्यापासून दडवून ठेवलेला माणूस तिसरीच कुणी नेतेय की काय, म्हणून कापले.

माझ्या भावाला तीन महिने वाटत राहिलं की तो घरी नकोसा झालाय, आणि ते मला रोज दिसत होतं. याला माफी नाही हे मला कळतं. मागतही नाही. तुम्ही दोघं परत जा. किल्ली सायकलवाल्याकडे द्या.

वन्सं


३ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी तुमचे सगळे डबे घासले. राग आला की मी घासते. दुसऱ्या दिवशी खिडक्या पुसल्या. तिसऱ्या दिवशी घासायला काही उरलं नाही म्हणून ह्यांना पत्र वाचायला दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि एवढंच म्हणाले, 'छोटी लहानपणीही असंच करायची. माझी चप्पल लपवून ठेवायची, मी खेळायला जाऊ नये म्हणून.' आणि उठून गेले, कारण सव्वातीन झाले होते.

माफी तुम्ही मागितली नाही, तर मीही देत नाही. हिशोब संपला. पण तुम्ही जे केलंत ते वाईट होतं, आणि मी दहा वेळा तरी ते बोलून दाखवेन. सवय करून घ्या.

मला जास्त राग कशाचा आला ते सांगते. सहा वर्षं तुम्ही मला दर महिन्याला पत्र लिहीत आलात. हवा छान, तब्येत छान, समुद्र छान. कुलपाचं एका अक्षराने लिहिलं नाहीत. आणि मीही कधी विचारलं नाही. मी बापडी तुमच्या 'छान'वर विश्वास ठेवून पडदे शिवत बसले. संशय घ्यायचा होता तो तिथे घ्यायला हवा होता.

आम्ही किल्ली सायकलवाल्याकडे देणार नाही. सिझन संपेपर्यंत शाळेची परवानगी आहे, तोवर इथेच आहोत. मीही रोज जाते. आजोबा लोकांना मी गाडीत चढवते, भांडणाऱ्या नवराबायकोंना वेगवेगळ्या सीटवर बसवते. गाडीत ऊन फार येतं म्हणून सगळ्या खिडक्यांना पडदे शिवले, तुमच्या जुन्या चादरीचे, न विचारता. ह्यांनी घड्याळ लावलं होतं. एका पडद्याला एकोणीस मिनिटं. मी काही बोलले नाही.

सिझन संपला की आम्ही परत जाऊ, आणि तुम्ही साठलेली सगळी रजा काढून आमच्याकडे यायचं. पहिला महिना रोज तुम्ही दार उघडायचं, मी बेल वाजवेन. त्यानंतरचं तेव्हा ठरवू.

नातीला आमचा आशीर्वाद. तुम्ही येताना सव्वाचारच्याच विमानाने या. बस गेलेली असेल. बाहेर एक गृहस्थ वहीत मान घालून ठिकाण विचारतील, त्यांना नीट सांगा.

आणि आता एक लिहिते, त्याचा अर्थ कुणाला विचारायला जाऊ नका. तुम्ही नाही तर तुमच्या या खोल्या फार मोकळ्या वाटतात.

गाडीचं.

वहिनी